फियाटची धाकटी बहीण

बऱ्याच महिन्यांनी लिहायला बसलोय. मंडळी विचारत होती, सर कुठे गायब? तर लेकीकडे जाऊन आलो त्याची गोष्ट सांगायची राहून गेली होती. राहून गेली म्हणजे मीच टाळत होतो. का टाळत होतो ते पुढे येईलच.

२०२४ च्या मार्च ते जून मी लेकीकडे होतो. नव्वद दिवस. व्हिसा तेवढाच मिळतो, वर एक दिवस नाही. त्या नव्वद दिवसांत आम्ही एक गाडी दुरुस्त केली. मी केली असं म्हणणं धाडसाचं होईल. चार माणसांनी केली आणि त्यातले दोन हात माझे होते. छत्तीस वर्षं खडू धरलेले हात, त्र्याहत्तराव्या वर्षी ग्रीसने काळे झाले.

लेक राहते तेर्रासाला. बार्सिलोनाहून तीसेक किलोमीटरवरचं गाव. जुन्या लोकरीच्या गिरण्यांचं. एका मोठ्या गिरणीत आता विज्ञान आणि तंत्राचं संग्रहालय केलंय, तिचं करवतीच्या दात्यांसारखं छप्पर बघितलं आणि मला एकदम आमची इचलकरंजी आठवली. मागांच्या खडखडाटात वर्ग घेतलेला माणूस मी. जावयाचे वडील याच गावात गिरणीत फिटर होते. म्हणजे माझे व्याही.

थोडं विषयांतर करतो, भाषेचा मास्तर आहे, राहवत नाही. इंग्रजीत ‘व्याही’ला शब्द नाही. मुलीच्या सासऱ्याला काय म्हणायचं, तर तीन-चार शब्दांची मालगाडी जोडायची. स्पॅनिशमध्ये मात्र सरळ शब्द आहे, कोन्सुएग्रो. व्याह्यांनी पहिल्याच भेटीत छातीवर हात ठेवून तो शब्द उच्चारला, मग माझ्याकडे बोट करून पुन्हा तोच उच्चारला. लेकीने अर्थ सांगितला तेव्हा मला फार बरं वाटलं. ज्या भाषेत व्याही आहे तिथे आपलं निभेल. शिवाय आपल्याकडे पोर्तुगीजांनी ठेवून दिलेले शब्द तिथे चुलतभावांसारखे भेटतात. बटाट्याला पताता, पगार देणे म्हणजे पागार, बालदीला बाल्दे. चावीला यावे म्हणतात आणि गंमत म्हणजे पान्यालाही यावेच म्हणतात! व्याही ‘यावे’ म्हणाले की मी आधी गाडीची किल्ली शोधायचो आणि ते मान हलवायचे.

तर ती गाडी. सेआत सहाशे. तिथे तिला सेइसिएन्तोस म्हणतात, म्हणजे नुसतंच ‘सहाशे’. व्याह्यांची १९६७ ची आहे, त्यांनी १९७२ मध्ये जुनी घेतलेली. लांबीला जेमतेम सव्वातीन मीटर, वजन सहाशे किलोच्या आसपास, इंजिन ७६७ सीसीचं आणि तेही मागे. पुढे जिथे आपण इंजिन शोधतो तिथे पेट्रोलची टाकी, बॅटरी आणि स्टेपनी. दारं उलटी, म्हणजे बिजागरी मागच्या बाजूला. आत शिरताना आधी बसायचं आणि मग पाय ओढून घ्यायचे. पुढच्या मॉडेलला दारं सरळ झाली, पण व्याही त्या मॉडेलला मानत नाहीत.

या गाडीला त्या देशात काय मान आहे ते लेकीने आणि जावयाने हळूहळू सांगितलं. मूळची ती इटलीची, फियाट ६००, दान्ते जाकोसा या इंजिनिअरने केलेली, १९५५ ची. फियाटच्या परवान्यावर बार्सिलोनाच्या झोना फ्रान्का भागातल्या कारखान्यात १९५७ पासून ती स्पेनमध्ये बनू लागली आणि ऑगस्ट १९७३ मध्ये शेवटची बाहेर पडली. मधल्या काळात सुमारे आठ लाख गाड्या. यादवी युद्धानंतर गरिबी सोसलेल्या देशात सायकलवरून आणि स्कूटरवरून लोक थेट हिच्यात बसले. सुरुवातीची किंमत ६५ हजार पेसेता, आणि पैसे भरूनही नंबर लागायला वर्षं जायची. (आपल्याकडच्या स्कूटरच्या बुकिंगची आठवण कुणाकुणाला आहे?) तिला एक टोपणनाव होतं, ओंब्लिगो. म्हणजे बेंबी. का, तर ती प्रत्येकाला असतेच!

आता माझ्याकडची बाजू. आमच्या घरी फियाट होती. म्हणजे कागदावर प्रीमियर पद्मिनी, पण पद्मिनी कोण म्हणतंय, सगळे फियाटच म्हणायचे. १९७६ चं मॉडेल, आम्ही १९८८ मध्ये एका डॉक्टरांकडून घेतलं. १०८९ सीसी, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. मास्तराच्या पगारात गाडी म्हणजे गल्लीत चर्चा झाली. मला चालवायला यायची, पण चालवायची खरी हिने. ही तिच्यातच शिकली, शाळेच्या मैदानावर, सुट्टीत. आंबा घाटातून रत्नागिरीला जाताना इंजिन तापायचं, मग कडेला गाडी घेऊन बॉनेट उघडून बसायचं, कॅनमधलं पाणी आणि हिने केलेले धपाटे. घाई करून रेडिएटरचं झाकण उघडलं म्हणून मी एकदा मनगट भाजून घेतलंय, डाग अजून आहे.

२०१७ मध्ये आम्ही दोघं पहिल्यांदा लेकीकडे गेलो तेव्हा व्याह्यांच्या घराखालच्या गॅरेजात ती गाडी कापडाखाली झाकलेली होती. २०१२ पासून उभीच. हिने कुणाला न विचारता कापड उचललं, नाकावरची पट्टी, गोल दिवे बघितले आणि म्हणाली, “अहो, ही तर आपल्या फियाटची धाकटी बहीण!” व्याह्यांना भाषांतराची गरज पडली नाही, ‘फियाट’ कळलं. त्यांनी लगेच हिला आत बसवलं. हिने स्टिअरिंगला हात लावला आणि बराच वेळ तशीच बसून राहिली.

२०१९ मध्ये ही गेली.

२०२४ मध्ये मी एकटा गेलो तेव्हा व्याही एकोणऐंशी वर्षांचे होते आणि त्यांना कंपवात झालेला होता, तीन वर्षं झाली होती. उजवा हात सतत हलतो. चहाचा कप टेबलावर ठेवून तोंड खाली नेऊन पितात. ज्या माणसाने चाळीस वर्षं यंत्रं जुळवली त्याला शर्टाचं बटण लागत नाही. घरात गाडी विकायचं चाललं होतं. गिऱ्हाईकही येऊन गेलं होतं. व्याही हो म्हणाले नव्हते, नाही म्हणाले नव्हते, रोज सकाळी गॅरेजात जाऊन खुर्चीवर बसायचे एवढंच.

मी पण जाऊन बसू लागलो. दुसरं करणार काय? जावई कामावर, लेक कामावर, टीव्ही कळत नाही. चौथ्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर अवजारांची पेटी ठेवली. त्यात तेराचा पाना होता, सतराचा होता. आमच्या फियाटच्या डिकीत हेच आकडे होते! मी तेराचा उचलला आणि ते हसले.

सुरुवात ब्रेकपासून. मला वाटलं होतं आधी इंजिन, पण त्यांनी बोट हलवलं. आधी थांबता आलं पाहिजे. चारही चाकांना ड्रम ब्रेक, आतले सिलिंडर बारा वर्षांत गंजून जाम. पहिला नट सोडवायला आम्हाला दोन दिवस लागले. गंज सोडवायचं तेल मारायचं, थांबायचं, हलक्या हातोडीने ठोकायचं. दोन शब्द मी त्याच दिवसांत शिकलो, आप्रिएता म्हणजे आवळ आणि आफ्लोखा म्हणजे सैल कर. त्यांची पद्धत अशी की मी पाना धरायचा आणि त्यांनी डावा हात माझ्या खांद्यावर ठेवायचा. खांदा दाबला की जोर लाव, हात उचलला की बस. शाळेत आम्ही मुलांचा हात धरून ‘श्री’ गिरवून घ्यायचो, तसंच. फक्त आता पाटीवर मी.

एक चूक माझ्या हातून झाली. ब्रेकचं तेल बाटलीतून सांडलं आणि मी ते पुसायला विसरलो. ते तेल रंग खातं हे मला ठाऊक नव्हतं. पुढच्या चाकावरच्या पत्र्यावर तळहाताएवढा चट्टा उठला. सत्तावन्न वर्षं टिकलेला रंग माझ्या हाताने गेला. व्याह्यांनी बघितलं, खांदे उडवले. विहीणबाईंनी मात्र दुसऱ्या दिवशी मला जुना टॉवेल आणून दिला, बोलल्या काही नाहीत. कुठल्याही देशातल्या विहिणीला हे जमतं.

सुट्या भागांचा प्रश्न येईल असं मला वाटलं होतं. अजिबात नाही. आठ लाख गाड्या बनल्या त्यामुळे ब्रेकची रबरं, होज पाइप, पट्टे, दारांचं बीडिंग, सगळं नवं मिळतं, घरपोच येतं. याच घराण्याची गाडी युगोस्लाव्हियात झास्तावा नावाने १९८५ पर्यंत बनत होती. आपल्या पद्मिनीचं मात्र कठीण. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची काळीपिवळी पद्मिनी २०२३ मध्ये निघाली तेव्हा पेपरात फोटो आले होते, मी कापून ठेवलेत.

इंजिनाला आम्ही एप्रिलअखेर हात घातला. प्लग काढून प्रत्येक भोकात थोडं तेल सोडलं, रात्रभर ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी हाताने इंजिन फिरवून बघितलं. फिरलं. जाम झालं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. टाकीतल्या पेट्रोलचा डिंक झाला होता. टाकी काढून धुतली, कार्बुरेटर उघडला, जेट फुंकून साफ केले. पॉइंटमधलं अंतर फीलर गेजने लावायचं काम माझ्याकडे, कारण माझे दोन्ही डोळे मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन नवे झालेले आणि हात स्थिर. टॅपेटचंही तसंच. पण बरोबर झालं की नाही हे ते कानाने सांगायचे. इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा (जावयाने चावी फिरवली, मी मागे, ते खुर्चीत) धूर एवढा झाला की शेजारीण खाली आली. व्याही डोळे मिटून ऐकत होते. मग त्यांनी दोन बोटं वर केली. दुसरा सिलिंडर. प्लगची वायर सैल होती!

आनंद दहा मिनिटं टिकला. मग इंजिन तापलं.

गाडीचं इंजिन मागे, रेडिएटर त्याच्याच शेजारी दाटीवाटीने बसवलेला, समोरून येणाऱ्या वाऱ्याचा उपयोग नाही. त्यामुळे पाण्याची वाट जराही तुंबली की लगेच कळतं. जुन्या काळी लोक चढावर मागचं झाकण अर्धवट उघडं ठेवून चालवायचे म्हणे. आमच्या रेडिएटरमध्ये गाळ होता, उभ्या पाण्याचा. तो काढून साफ करायला दिला, थर्मोस्टॅट नवा घातला. तरी व्याह्यांचं समाधान होईना. इंजिनाच्या पार मागच्या टोकाला, पट्ट्याच्या पुलीकडे ते सारखं बोट दाखवत होते.

त्या पुलीत एक करामत आहे. तेल गाळायला कागदाचा फिल्टर नाही, पुलीच पोकळ आहे. ती गरगर फिरते तेव्हा तेलातला जड कचरा बाहेरच्या कडेला फेकला जातो आणि तिथेच चिकटून राहतो. ताक घुसळल्यासारखंच. अधूनमधून झाकण उघडून खरवडायचं. कुणीच कित्येक वर्षांत खरवडलं नव्हतं. आत काळा, घट्ट, मेणासारखा थर. लाकडी चमच्याने मी तो काढत होतो, एक अख्खी दुपार गेली.

त्या दुपारी मी व्याह्यांना एक गोष्ट सांगितली. मराठीत. त्यांना कळणार नाही म्हणूनच सांगितली.

२००६ मध्ये आमची फियाट मी विकली. खालचा पत्रा सडला होता, इंजिनाचं काम निघालं होतं, खर्च झेपणारा नव्हता. ही मिरजेला बहिणीकडे लग्नघरी गेली होती, आठ दिवस. त्या आठ दिवसांत मी भंगारवाल्याला बोलावलं. नऊ हजार रुपये. टेम्पोवर चढवायला जमेना म्हणून त्याच्या पोरांनी दारं आमच्या अंगणातच तोडली. ही परत आली तेव्हा अंगण धुऊन ठेवलं होतं. तिला मी सांगितलं, कोल्हापूरच्या एका शूटिंगवाल्याने घेतली, सिनेमासाठी जुन्या गाड्या भाड्याने देतो, चांगली ठेवेल.

एका वाक्यात विषय मिटला असं मला वाटलं. मिटला नाही. त्यानंतर तेरा वर्षं ही प्रत्येक मराठी सिनेमात, प्रत्येक मालिकेत जुनी फियाट दिसली की पुढे सरकून बसायची. नंबर वाचायला चष्मा लावायची. “आपली नाही,” म्हणायची. मी म्हणायचो, शूटिंगला नंबर बदलतात गं. एकदा तर एका गाडीच्या मागच्या काचेवरचा डाग बघून तिची खात्रीच पटली. मिरजेला फोन करून सांगितलं. मी समोर पेपर वाचत होतो.

हे सगळं मी पुली खरवडत बोललो. व्याह्यांनी खांद्यावरचा हात काढला नाही. बोलून झाल्यावर मान वर केली तर दारात लेक उभी, हातात कॉफीचा ट्रे.

तिने ट्रे ठेवला. वडिलांना काही बोलली नाही, सासऱ्यांना कप तोंडाशी धरून कॉफी पाजली आणि वर गेली. रात्री भांडी घासताना पाठमोरी म्हणाली, “म्हणजे शूटिंगवाला कुणी नव्हताच?”

“नव्हता.”

“मी इथून लिंक पाठवायचे तिला बाबा. जुन्या गाड्या असलेल्या सिनेमांच्या.”

मला हे माहीत नव्हतं. त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, मावशीला तुम्ही स्वतः सांगायचं, मी सांगणार नाही.

गाडीची सरकारी तपासणी असते तिथे, इ-ते-उवे म्हणतात. पहिल्या वेळी दिव्यांचा झोत वाकडा म्हणून परत पाठवलं, दुसऱ्यांदा पास. विकायचा विषय तोपर्यंत घरात कुणी काढेनासं झालं होतं. चालवणार कोण हा प्रश्न होता. व्याही नाहीच. जावयाला पहिला गिअर जमेना. पहिल्या गिअरला सिंक्रो नाही, गाडी पूर्ण थांबल्याशिवाय टाकायचा तर क्लच दोनदा दाबून मधे रेस द्यावी लागते, नाहीतर दात किरकिरतात. शेवटी विहीणबाईंनी एप्रन काढला आणि किल्ली मागितली. १९७४ मध्ये त्या याच गाडीत शिकल्या होत्या. त्या काळात स्पेनमध्ये लग्न झालेल्या बाईला बँकेत खातं काढायलाही नवऱ्याची संमती लागे, १९७५ मध्ये तो कायदा बदलला. “खातं नव्हतं पण गाडी होती,” असं त्या म्हणाल्याचं लेकीने सांगितलं. क्लच दोनदा, मधे रेस, आणि गिअर असा पडला की आवाजही नाही. आमची हीसुद्धा घाटात अशीच गिअर टाकायची.

मी निघायच्या आधीच्या रविवारी आम्ही मोन्तसेर्रातला गेलो. करवतीसारखे सुळके असलेला डोंगर, वर जुना मठ, काळ्या मातेची मूर्ती. वर जायचा रस्ता वळणावळणाचा, आपल्या घाटासारखाच. विहीणबाई चालवत होत्या, व्याही शेजारी, मागे मी आणि लेक गुडघे छातीशी घेऊन. जावई त्यांच्या गाडीने मागून, दोरखंड घेऊन (त्याचा आमच्यावर विश्वास नव्हता). मोनिस्त्रोल सोडून चढ लागला तसा तेलाचा वास बदलला. व्याह्यांनी हात वर केला. कडेला घेतली, मागचं झाकण उघडलं. पाणी किंचित उसळत होतं, फार नाही. लेकीने बाटली घेतली आणि झाकणाला हात लावायला गेली. मी तिचं मनगट धरलं.

“आत्ता नाही. वीस मिनिटं.”

तिने माझ्या मनगटावरच्या डागाकडे बघितलं. मग आम्ही कठड्यावर बसलो. विहीणबाईंनी पिशवीतून बटाट्याचं ऑम्लेट काढलं, जाडजूड, थालीपिठासारखं कापलेलं. एक सायकलवाला म्हातारा थांबला, गाडीवरून हात फिरवला, व्याह्यांशी दोन शब्द बोलून पुढे गेला. काय म्हणाला विचारलं तर लेक म्हणाली, “त्याच्याकडेही होती म्हणे. विकली.”

वीस मिनिटांनी पाणी घातलं आणि वरपर्यंत गेलो.

फेंडरवरचा चट्टा तसाच आहे, मीच पुन्हा गेल्यावर रंगवायचा असं ठरलंय. विहीणबाई दर रविवारी गाडी काढतात, लेक फोटो पाठवते.

मिरजेच्या मेहुणीला फोन करायचा म्हणून मी आल्यापासून चार-पाचदा नंबर फिरवला. दरवेळी तीच आधी बोलते, दाजी जेवलात का, औषधं घेता का, आणि माझं राहून जातं. गेल्या महिन्यात म्हणाली, टीव्हीवर एक जुना सिनेमा लागला होता, त्यात ताईच्या गाडीसारखी गाडी होती. तर बाई, ती नव्हती. तू हे वाचतेस ते मला माहीत आहे. वाचून झालं की फोन कर.